ठिगळाखालचा गंज

२०२३ च्या उपवासकाळातील दुसऱ्या रविवारची गोष्ट. सकाळच्या मिस्सेची घंटा झाली होती. साक्रिस्तीत शुभ्र झगा अंगावर चढवीत असताना डाव्या बाहीवर, मनगटापासून चार बोटे वर, रुपयाच्या नाण्याएवढा तांबूस डाग मला दिसला. शेजारी उभ्या असलेल्या लहानग्या वेदीसेवकाने काळजीने विचारले, “फादर, लागलं का कुठं? रक्त आहे.” मी म्हणालो, “रक्त नाही रे बाळा, गंज आहे.” त्याचे समाधान झालेले दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. संपूर्ण मिस्साभर, हात उंचावले की तो डाग माझ्या डोळ्यांपुढे येत होता.

डाग कोठून आला हे शोधायला लांब जावे लागणार नव्हते. आमच्या धर्मगुरूनिवासाच्या मागच्या पडवीत एक जुने वॉशिंग मशीन आहे. धर्मग्रामातील एका कुटुंबाने १९९३ मध्ये ते कुवेतला विकत घेतले आणि १९९६ मध्ये कायमचे परतताना जहाजाने वसईला आणले. कर्ता पुरुष निवर्तल्यावर त्यांच्या पत्नीने २००९ मध्ये ते धर्मगुरूनिवासाला दिले. त्या बाई आजही पहिल्या बाकावर बसतात आणि भेटल्या की प्रथम माझी प्रकृती विचारतात, मग मशीनची. त्यामुळे ‘टाकून द्या आणि नवे घ्या’ हा सल्ला देणाऱ्यांना जितका सोपा वाटतो, तितका मला तो कधीच वाटला नाही.

या जातीच्या मशीनला दोन भांडी असतात. आतला भोकाभोकांचा ड्रम कपडे घेऊन फिरतो. त्याच्या बाहेरचा टब जागचा हलत नाही, पाणी धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. आमचा टब पोलादी पत्र्याचा, त्यावर पांढऱ्या चिनीमातीसारखा चकचकीत मुलामा. वरून पाहिले तर तो दिसतच नाही. ड्रम त्याला झाकून टाकतो. म्हणजे ज्याच्या जिवावर सारे पाणी टिकायचे, ते भांडे कोणाच्याच नजरेला पडत नाही.

वेदीवरील वस्त्रांची पहिली धुलाई आम्ही या मशीनमध्ये करीत नाही, हे येथे नमूद केलेले बरे. ज्या वस्त्रांवर पवित्र भाकरीचे कण किंवा पवित्र रक्ताचा थेंब राहिलेला असण्याचा संभव असतो, ती प्रथम हातांनी धुऊन ते पाणी साक्रारियुममध्ये किंवा योग्य जागी जमिनीत ओतावे आणि मग नेहमीच्या रीतीने धुवावीत, ही प्रथा स्तुत्य असल्याचे २००४ च्या ‘रिडेम्प्शनिस साक्रामेंतुम’ या रोमच्या निर्देशपत्रानेही सांगितले आहे. आमच्याकडे हे काम स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी करतात. पहिले पाणी त्या जाईच्या वेलाच्या मुळाशी ओततात. झगे व वेदीवरची मोठी चादर मात्र मशीनमध्ये जातात. बाहीवरचा डाग दाखविताच मावशींनी लिंबू पिळले, वर मीठ चोळले आणि बाही उन्हात पसरली. “ब्लीच नको हं फादर,” त्या म्हणाल्या, “ब्लीचने गंजाचा डाग पक्का होतो.” तिसऱ्या दिवशी डाग गेला. पण डाग जाणे आणि गंज जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या आठवड्यात शिकायचे होते.

मंगळवारी मी कार्यालयात दाखल्यांवर सह्या करीत बसलो होतो. मागच्या बाजूने भांडे पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मावशींची किंकाळी. धावत गेलो तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरलेला. टबातून गळणारे पाणी खालच्या मोटारीच्या तारांवर ठिबकले होते. जुन्या इमारतीतल्या त्या प्लगची अर्थिंगची तार केव्हाच सुटली होती. आणि मावशींनी ओल्या पायांनी, ओल्या हातांनी मशीनच्या पत्र्याला स्पर्श केला होता. देवाची कृपा म्हणून हात मागे फेकला गेला. डॉक्टरांनी तपासून काळजी नसल्याचे सांगितले. संध्याकाळपर्यंत दंडातल्या मुंग्या गेल्या. त्या मला एवढेच म्हणाल्या, “फादर, तुम्ही म्हणाला होता ना, दुरुस्त झालंय म्हणून?”

हा आरोप नव्हता. तसा असता तर मला उत्तर तरी देता आले असते. तो साधा प्रश्न होता.

होय, मी तसे म्हणालो होतो. आदल्या नोव्हेंबरात मशीनखाली पाण्याचे थारोळे दिसू लागले होते. मी विजेरी घेऊन पालथा पडून पाहिले, तर टबाच्या बुडाशी करंगळी जाईल एवढे भोक आणि शेजारी एक छोटे. हार्डवेअरच्या दुकानातून दोन गोळे एकत्र मळायची पुट्टी आणली, बाहेरच्या बाजूने भोकांवर दाबून बसविली आणि वर पांढरा रंग फासला. पाणी थांबले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी ही हकिगत थोड्या अभिमानानेच सांगितली. सहायक धर्मगुरू म्हणाले, “फादर, सेमिनरीत हा विषय नव्हता!” आम्ही सारे हसलो. पुट्टीखालचा गंज मी खरवडला होता का? नाही. पाण्याचा दाब आतून असतो, मग बाहेरून लावलेले ठिगळ तो ढकलूनच देणार, हा विचार तरी केला होता का? तोही नाही. मला गळती बंद झालेली हवी होती आणि ती बंद झालेली दिसली.

त्या संध्याकाळी मी मावशींची क्षमा मागितली. धर्मग्रामातल्या एका तरुण वायरमनने प्रथम अर्थिंगची नवी तार टाकली आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा ब्रेकर बसविला. मशीनच्या दुरुस्तीसाठी बोलाविलेल्या कारागिराने मान हलविली. या बनावटीचे सुटे भाग आता मिळत नाहीत, असे सांगून तो गेला. मग कोणीतरी पाचूबंदरच्या एका वृद्ध मेस्त्रींचे नाव सुचविले. त्यांचे सारे आयुष्य होड्या दुरुस्त करण्यात गेले. आधी लाकडाच्या आणि नंतर फायबरच्या. “पाणी आत येऊ द्यायचं नाही हे माझं काम, फादर,” ते आल्या आल्या म्हणाले. “तुमचं पाणी बाहेर जायला नको, एवढाच फरक.”

प्लग काढलेला आहे ना हे त्यांनी स्वतः पाहिले. ड्रम उचलून बाहेर ठेवला, टब सोडवून अंगणात आणला आणि पालथा घातला. माझे पांढरे ठिगळ उन्हात चकाकत होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्याच्या कडेखाली घालून किंचित उचलले, तो सारा गोळा अखंड निघून त्यांच्या हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला पोळीला तीळ लागावेत तसा गंजाचा थर चिकटलेला होता. “पुट्टी चांगली आहे,” मेस्त्री म्हणाले. “तिनं घट्ट धरलं होतं. पण धरलं होतं गंजाला. गंजानं लोखंड सोडलं, तर ती काय करणार?”

मग ते एक लहान हातोडी घेऊन भोकाभोवती टबावर हलके हलके ठोकू लागले. धड पत्रा टणटण वाजत होता. मध्येच कोठे आवाज बद्द येई. तेथे ते खडूची खूण करीत. चांगला दिसणारा पांढरा मुलामा होता, तेथेही त्यांनी खुणा केल्या. मला ते पटेना. त्यांनी सुरीचे टोक टेकविले मात्र, मुलाम्याची खपली उडाली आणि खाली तपकिरी भुगा दिसला. मी दोन भोके बुजविली होती. खडूचे वर्तुळ पूर्ण झाले तेव्हा त्यात नऊ भोके होती आणि हाताच्या पंजाएवढा पत्रा कागदासारखा पातळ झाला होता.

असे का होते हे आमच्या शाळेतील रसायनशास्त्राच्या बाईंनी मला नंतर समजावून दिले. तो मुलामा म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला पोलादावर वितळवून बसविलेली काचच. ती शाबूत असेपर्यंत पाण्याची गाठ लोखंडाशी पडत नाही. पण काच ठिसूळ. खिशात राहिलेले नाणे, पट्ट्याचे बक्कल, पँटची चेन यांनी एखादा टवका उडाला की पाणी आणि हवा आत शिरतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो; त्यामुळे तो फुगून शेजारचा मुलामा आतून उचलतो आणि स्वतःसाठी पुढची वाट करून घेतो. अॅल्युमिनियमवर चढणारा थर धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो रक्षण तर करीत नाहीच, उलट ओल धरून ठेवतो. आमच्या किनाऱ्यावरची खारी हवा आणि उन्हाळ्यात मचूळ होणारे विहिरींचे पाणी यांनी त्याचा वेग आणखी वाढतो.

पण मला सर्वांत चकित केले ते एका प्रयोगाने. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून काय होते ते पाहिले. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते. तेथे लोखंड सुरक्षित राहते. मध्यभागी हवा कमी पोहोचते; तेथे लोखंड विरघळू लागते. आणि तांबूस गंज जमतो तो या दोहोंच्या मधल्या वर्तुळात. म्हणजे झीज एकीकडे होते आणि डाग दुसरीकडे दिसतो. आणि जेथे वारा पोहोचत नाही, तेथेच लोखंड खचते. मी माझ्या पुट्टीने नेमके काय केले होते, ते तेव्हा माझ्या ध्यानी आले. गंजाला झाकून, त्याच्या कडेने झिरपणाऱ्या पाण्याला मी एक वारा न लागणारी जागा करून दिली होती.

मेस्त्रींनी खरवडण्याचे काम मला दिले. आधी तारेचा ब्रश, मग जाड काचपेपर, मग बारीक. “चकाकेपर्यंत,” ते म्हणाले. “आणि तिथं थांबू नका. चकाकलेल्याच्या पुढं आणखी तीन बोटं.” भोके मोठी होत गेली. जो पत्रा वाचवायचा, तोच मी घासून नाहीसा करतो आहे असे वाटून माझा हात थबकू लागला. तेव्हा ते म्हणाले, “फादर, भोक मोठं होत नाही. जेवढं होतं तेवढं दिसायला लागतं.”

ते वाक्य ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढून टब नाहीसा झाला. तेथे दोन भाऊ उभे राहिले.

पुढील मजकूर त्या दोघांची परवानगी घेऊन लिहीत आहे, आणि पापनिवेदनाशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही, असाच तो आहे. वडिलांच्या वाडीचा एक तुकडा थोरल्याने २०११ मध्ये विकला. धाकटा तेव्हा परदेशी नोकरीला होता. त्याने विश्वासाने कागदावर सही करून पाठविली. पैसे आईच्या आजारपणात गेले असे थोरला सांगे. हिशेब कोठे आहे, असे धाकटा विचारी. आई गेली, बोलणे थांबले, मधल्या कुंपणावर पत्रे चढले. २०२२ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला मी दोघांनाही साक्रिस्तीत बोलाविले. माझ्याकडे पंधरा मिनिटे होती. गोठ्यातील बाळ येशूचा दाखला दिला, दिवंगत आईची आठवण दिली, दोघांचे हात एकमेकांच्या हातांत दिले. दोघांचे डोळे पाणावले, माझेही. मध्यरात्रीच्या मिस्सेत ते एका बाकावर बसले, तेव्हा सारे मंदिर त्यांच्याकडे पाहत होते. मी समाधानाने झोपलो.

जानेवारीच्या अखेरीस थोरल्याच्या मुलीचे लग्न झाले. मांडवाला लागून असलेल्या धाकट्याच्या घरात दिवा नव्हता. तो बायकामुलांसह वेलंकनीच्या यात्रेला गेला होता. लोकांनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, “नवस असेल.” म्हणजे तेथेही मी पांढरा रंगच फासला.

अंगणात गुडघे टेकून काचपेपर घाशीत असताना मला जे उमगले ते असे. त्या नाताळच्या रात्री मी त्या भावांना एकत्र आणले नव्हते; त्यांच्या भांडणामुळे माझ्या धर्मग्रामात जी गळती दिसत होती, ती मी थांबविली होती. हिशेबाचा प्रश्न मी विचारलाच नाही, कारण तो विचारला असता तर भोक मोठे दिसले असते. आणि सणाच्या रात्री, लोकांसमोर, धर्मगुरूने हात धरल्यावर कोणता भाऊ हात मागे घेईल? माझी समजूत त्यांना चिकटली होती खरी. पण ती चिकटली होती त्यांच्या संकोचाला.

असो. टबाकडे वळू.

ठिगळ कशाचे लावावे याविषयी मी एक शहाणपण सुचविले. स्टेनलेस स्टीलचा नवा चकचकीत पत्रा बसवू या, तो कधीच गंजणार नाही. मेस्त्रींनी हात जोडले. “नवं स्टील जुन्या लोखंडाला लागून ओलं राहिलं की स्टील टिकतं आणि त्याच्या कडेचं लोखंड आधीपेक्षा लवकर जातं. होडीच्या खिळ्यांत आम्ही हे भोगलंय.” मला शुभवर्तमानातील ठिगळाचा दृष्टांत आठवला. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर ते जुन्यालाच फाडते, हे प्रभूने सांगितले. आणि मी त्यावर आजवर निदान पंचवीस वेळा प्रवचन केले असेल. सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूला दुरुस्तीचे काम ठाऊक होते, हा विचार मात्र मला त्या दिवशी प्रथमच शिवला.

शेवटी ठरले ते काचेच्या कापडाचे ठिगळ. होड्यांना वापरतात ती राळ मेस्त्रींनी मुद्दाम बाजूला ठेवली. लोखंडाला इपॉक्सीच चांगली धरते, असे त्यांचे मत. खड्ड्यांच्या ज्या खाचांत काचपेपर पोहोचत नव्हता, तेथे त्यांनी बाटलीतले दुधासारखे पांढरे औषध ब्रशने लावले. पाहता पाहता ते जांभळट, मग काळेभोर झाले. बाटलीवर टॅनिक आम्लाचे नाव होते. हिरड्यात, झाडांच्या सालींत असते तेच टॅनिन. ते गंजाशी संयोग पावले की गंज स्थिर, काळा होतो. पुढे पसरण्याची त्याची खोड मोडते. युरोपात शतकानुशतके जी शाई वापरली गेली ती लोखंड आणि टॅनिन यांच्या अशाच संयोगाची. आपल्याकडेही हिराकस आणि हिरडा यांपासून काळा रंग करीत. जुन्या मिशनऱ्यांच्या दौतींत तीच शाई असे. मला गंमत वाटली. जे लोखंड खाते तेच, नीट हाताळले तर, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एखाद्या बालकाचे नाव लिहून ठेवू शकते. त्या खाचांतला गंज नाहीसा झाला नव्हता. त्याचे स्वरूप पालटले होते. प्रायश्चित्त संस्कारानंतरही आपला भूतकाळ पुसला जात नाही. तो असतो, पण आता त्याने खात राहण्याची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी थिनरच्या फडक्याने सारी जागा पुसली आणि नंतर तिला बोट लावू दिले नाही. “हाताचं तेलही नको.” राळ आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मोजून घेतले, अंदाजाने नाही. टब सरळ करून आतल्या बाजूने काचेच्या कापडाचे तीन थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, प्रत्येकातील हवेचे बुडबुडे ब्रशने ठोकून काढलेले. बाहेरून आणखी एक थर. मला वाटले होते, एवढ्या पाण्याला धरायचे तर ठिगळ फार बळकट हवे. मेस्त्रींनी हिशेब सांगितला. टबात ४० सेंटिमीटर पाणी असले तर बुडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार पडतो अवघ्या ४० ग्रॅमचा. “ताकद लागत नाही, फादर. चिकटायला धड जागा लागते.” आणि आतून लावलेल्या ठिगळाला तेच पाणी दाबून बसविते, जे बाहेरच्याला ढकलून देते.

मग थांबणे आले. चोवीस तासांत राळ दगडासारखी झाली. मी मशीन जोडण्याची घाई केली, तेव्हा मेस्त्री म्हणाले, “वरून कडक झालंय. सात दिवस द्या.” ते सात दिवस आम्ही तिघे कपडे हातांनी धूत होतो, म्हणजे मी आणि सहायक धर्मगुरू धूत होतो आणि मावशी कट्ट्यावर बसून आमच्या चुका काढीत होत्या. आठव्या दिवशी टब जोडला, पाणी भरले. खाली थेंबही पडला नाही.

मेस्त्रींनी मजुरी घेतली ती साहित्याच्या खर्चापेक्षाही कमी. जाताना म्हणाले, “हे कायमचं नाही हं. मी फक्त एवढंच ठरवलं की अजून धड पत्रा आहे. चहूबाजूंनी बद्द आवाज आला असता तर हातच लावला नसता.”

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मी थोरल्या भावाच्या घरी गेलो. या वेळी हातात घड्याळ नव्हते. मग धाकट्याकडे. पुन्हा थोरल्याकडे. मी उपदेश केला नाही, नुसता ठोकून आवाज ऐकत राहिलो. थोरल्याने पत्र्याची पेटी उघडली. तीत आईच्या इस्पितळाची सारी बिले सुतळीने बांधून ठेवलेली होती. धाकट्याने ती कधी पाहिलीच नव्हती. पण बेरीज केली तेव्हा एक रक्कम उरली, आणि ती कोठे गेली हे थोरल्याने आम्हां दोघांसमोर जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या तोंडाने सांगितले. घराच्या कौलांवर. तो २०२३ चा नोव्हेंबर होता. रक्कम फार मोठी नव्हती. लपविल्यामुळे ती मोठी झाली होती. धाकटा उठून निघून गेला. त्या रात्री मला वाटले, आपण हात लावला नसता तर बरे झाले असते. तीन महिने काहीच घडले नाही. २०२४ च्या राखेच्या बुधवारी धाकट्याचा निरोप आला: पैसे हप्त्यांनी चालतील.

ते आता एकमेकांच्या गळ्यात गळा घालून फिरतात असे मी लिहिले तर तो पुन्हा पांढरा रंग होईल. एका बाकावर ते बसत नाहीत. कुंपणावरचे पत्रे अजून आहेत. पण सामाईक विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला आहे आणि त्याचे विजेचे बिल ते अर्धे अर्धे भरतात. मी त्यावर ठोकून पाहिले आहे. आवाज धड येतो.

संदेष्टा यहेज्केलच्या ग्रंथात गंजलेल्या हंड्याचा दाखला आहे. कितीही शिजविले तरी त्याचा गंज निघेना, म्हणून तो रिकामाच निखाऱ्यांवर ठेवून लाल होईपर्यंत तापवावा, असे परमेश्वर सांगतो. तरुणपणी हा उतारा मला क्रूर वाटे. आता वाटते, ज्याला ते भांडे फेकून द्यायचे असते तो एवढे सरपण जाळीत नाही. १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रायश्चित्ताची तीन अंगे सांगितली: पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई. सेमिनरीत ती मी पाठ केली, परीक्षेत लिहिली, वर्षानुवर्षे शिकविली. पण भरपाई हे तिसरे अंग मी नेहमीच तीन ‘नमो मरिये’ सांगून आटोपले होते. लोखंडाला पश्चात्ताप होत नाही, त्यामुळे टबाचा दाखला फार ताणणे बरे नव्हे. तरी एवढे खरे, की जेथे हिशेब राहिला आहे तेथे केवळ डोळ्यांतील पाण्याने भागत नाही. पाण्याने तर गंजच वाढतो.

हे लिहीत असताना आमचे मशीन चालू आहे. त्याचा आवाज मोठा आहे आणि एक दिवस ते भंगारात जाणार हे मला ठाऊक आहे. दुरुस्तीनंतर मावशींनी एक नवा नेम सुरू केला. दर शनिवारी मशीन लावण्यापूर्वी त्या त्याच्याखाली जुने वर्तमानपत्र पसरतात आणि धुणे झाले की ते उचलून उजेडात धरून पाहतात. पहिला महिनाभर मी काही बोललो नाही. दोन वर्षे लोटली, कागद दर वेळी कोरडा निघाला, तरी नेम चालूच. परवा मी हसत विचारले, “काय मावशी, अजून विश्वास नाही का मशीनवर?”

त्यांनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाल्या, “मशीनवर आहे, फादर.”